नवानं भाग जातो का बघ

'फ्लो' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो हापिसातल्या एका ट्रेनिंगमध्ये. स्लाईडवर आलेख होता. आडव्या रेषेवर कौशल्य, उभ्या रेषेवर आव्हान, मधून एक तिरका पट्टा आणि त्या पट्ट्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला एक हसरा गोरा माणूस. ट्रेनिंगवाल्या बाई म्हणाल्या, ह्या पट्ट्यात राहायला शिका. मला हसूच आलं. कारण आमच्याकडे ह्या पट्ट्याला तंद्री म्हणतात आणि तो शब्द बहुतेक वेळा ओरडा खातानाच कानावर पडतो. "कुठं तंद्री लागली होती? दूध उतू गेलं!" किंवा "चार हाका मारल्या, तंद्री लागलीय का?" म्हणजे जी अवस्था यावी म्हणून कंपनी पैसे मोजते, तीच घरात पोराला आली की धपाटा बसतो.

मराठीत ह्या भानगडीसाठी शब्दांची कमतरता नाही. गुंगणे, रमणे, हरवणे, तल्लीन होणे, अगदीच वरचा मजला हवा असेल तर ब्रह्मानंदी टाळी लागणे. पण मला सगळ्यात आवडतो तो 'हात बसणे'. बाकीचे शब्द मनाबद्दल बोलतात, हा एकटाच हाताबद्दल बोलतो. आणि माझा अनुभव असा की हात बसल्याशिवाय तंद्री लागत नाही. निदान कामात तरी नाही.

असो. आधी त्या आलेखाच्या मूळ मालकाबद्दल थोडं सांगतो, कारण माणूस फार इंटरेस्टिंग आहे. नाव मिहाय चिक्सेंटमिहाय. (दोनदा वाचलंत तरी चालेल, मी चार वेळा वाचलं होतं.) कुटुंब हंगेरियन, जन्म १९३४ चा, फ्यूमे शहरातला. हे शहर तेव्हा इटलीत होतं, आज क्रोएशियात आहे आणि त्याला रिएका म्हणतात. दुसरं महायुद्ध त्यानं लहानपणी पाहिलं. ज्या मोठ्या माणसांकडे बघून हे खंबीर आहेत असं वाटायचं, ती घर, नोकरी, पैसा गेल्याबरोबर पार कोसळली. मग माणसाला जगण्यासारखं वाटतं ते नक्की कशामुळे, हा किडा त्याच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. तरुणपणी स्वित्झर्लंडमध्ये सिनेमाला पैसे नव्हते म्हणून तो एका फुकटच्या व्याख्यानाला जाऊन बसला. विषय उडत्या तबकड्या! आणि बोलणारा निघाला कार्ल युंग. तिथून गडी मानसशास्त्राकडे वळला आणि अमेरिकेत शिकागोला जाऊन पोचला.

त्यानं सुरुवात केली चित्रकारांपासून. चित्र चालू असेपर्यंत ही मंडळी तहानभूक विसरतात, आणि पूर्ण झालं की ते भिंतीला टेकवून पुढचा कॅनव्हास घेतात. म्हणजे ओढ चित्राची नव्हती, काढण्याची होती. पुढे बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, सर्जन, कारखान्यातले कामगार असं करत करत तो सगळ्यांना एकच विचारत गेला, आणि पुष्कळ जणांनी प्रवाहानं वाहून नेल्यासारखं वाटतं असं सांगितलं. म्हणून 'फ्लो'. त्याच नावाचं पुस्तक आलं १९९० मध्ये. २०२१ मध्ये तो गेला.

त्याच्या कामातला मला सगळ्यात मजेशीर वाटलेला भाग म्हणजे पेजर. साध्या नोकरदार माणसांना एक आठवडा पेजर द्यायचा. तो दिवसातून सात-आठ वेळा अवचित वाजणार. वाजला की त्या क्षणी काय करताय आणि कसं वाटतंय ते वहीत लिहायचं. ज्युडिथ लफेव्हर ह्या सहकारी बाईंबरोबर १९८९ साली त्यानं ह्यावर एक निबंध लिहिला. निष्कर्ष उलटाच. ही अवस्था लोकांना फावल्या वेळापेक्षा कामावर कितीतरी जास्त वेळा येत होती. आणि तरी कामावर असताना हीच माणसं लिहीत होती की आत्ता इथं नसतो तर बरं झालं असतं!

हे वाचल्यावर मला आई आठवली.

आई १९८० साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागली, साताऱ्याच्या शाखेत. त्या वेळी शाखेत कॉम्प्युटर नव्हता. पितळी टोकनं, जाडजूड लेजरं, टाचण्या आणि व्हाउचरांचे गठ्ठे. आई बचत खात्याच्या लेजरवर असायची. दुपारी शाळा सुटली की मी कधीकधी बँकेत जाऊन बसायचो, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर आहे. लोकांचं येणं-जाणं दुपारी संपलं की शटर अर्धं खाली यायचं, आणि मग खरं काम सुरू व्हायचं. जुळवणी. म्हणजे प्रत्येक खात्यातल्या शिलकेची बेरीज आणि जनरल लेजरमधला आकडा एक आला पाहिजे. पैशापर्यंत. नाही आला तर 'डिफरन्स'.

ह्या डिफरन्सची शिकार कशी करायची ह्याचं आईकडे एक शास्त्र होतं, आणि ते मला अजूनही भारी वाटतं. फरकाला नवानं भाग जातो का बघायचं. जात असेल तर बहुतेक कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. ४५ चे ५४ केले की फरक ९. ३८० चे ८३० केले की फरक ४५०. शेजारचे कुठलेही दोन अंक अदलाबदल करा, फरक नवाच्याच पटीत येणार. भाग जात नसेल तर फरकाचं अर्धं करायचं आणि त्या रकमेचं व्हाउचर शोधायचं, कारण जमेची रक्कम खर्चाला पडली की फरक बरोबर दुप्पट येतो. तेही नसेल तर फरकाएवढीच रक्कम शोधायची, ती लिहायचीच राहिली असणार. हे सगळं पेन्सिलीनं, मनातल्या मनात, बोट रकान्यावरून घसरत असताना. मी पुढे डिबगिंग शिकलो तेव्हा प्रोफेसर काय सांगतायत ते मला आधीच माहीत होतं. :)

आणि सहामाहीला व्याज. तेव्हाचा नियम असा होता, की महिन्याच्या दहा तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. (रोजच्या शिलकेवर व्याज ही गोष्ट १ एप्रिल २०१० पासूनची.) म्हणजे प्रत्येक खात्याचं पान उघडायचं, सहा महिन्यांच्या सहा किमान शिलका हुडकायच्या, त्यांची बेरीज करायची. दर पाच टक्के धरला तर त्या बेरजेला २४० नं भागलं की व्याज. एका खात्याला गंमत वाटेल. हजारो खात्यांना?

पण आई सांगते की तिला गंमतच वाटायची. "सुरुवातीची पन्नास पानं जड जायची. मग हात बसला की पान उलटायच्या आधी आकडा दिसायचा," हे तिचे शब्द. एकदा तिनं मान वर केली तर शाखेत दिवे लागलेले, शिपाई किल्ल्या घेऊन उभा, आणि तिच्या मते साडेचार वाजले असावेत! चिक्सेंटमिहायच्या अटी काढून बघा. काय साधायचंय ते लख्ख माहीत. बरोबर की चूक ते लगेच कळतं. काम ताकदीच्या अगदी काठावर. तिन्हींच्या तिन्ही हजर. आणि त्याच आईला विचारा, रोज सकाळी बँकेत जाताना कसं वाटायचं. "कधी एकदा रविवार येतो असं."

मग कॉम्प्युटर आले. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा, पण आईच्या टेबलापर्यंत मशीन यायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. युनियनचे मोर्चे वगैरे होऊन गेले होते. मी तिला एकदा विचारलं, वाईट वाटलं का गं तेव्हा? मला वाटलं होतं आता एखादी हळवी गोष्ट निघणार. ती म्हणाली, "छे रे. साडेपाचला घरी यायला लागले. पाठ दुखायची थांबली." मग जरा थांबून म्हणाली, "आणि कंटाळा यायला लागला."

हे दोन्ही खरं आहे हेच तर अवघड आहे. जुन्या काळाबद्दल उसासे टाकणाऱ्यांना पाठदुखी आठवत नाही, आणि 'ऑटोमेशननं माणसाची कंटाळवाण्या कामातून सुटका केली' म्हणणाऱ्या माझ्या जातभाईंना हे माहीत नसतं की ज्याला ते कंटाळवाणं म्हणतात त्यात कुणाची तरी ब्रह्मानंदी टाळी लागत होती. मी करिअरची पहिली सहा वर्षं बँकांचंच सॉफ्टवेअर लिहिलंय. आईचा डिफरन्स कायमचा बंद करणाऱ्या जमातीतला मी. आणि ते लिहिताना मला काय तंद्री लागायची म्हणून सांगू! रात्री अकराला एक गुंता सुटायचा, टेस्टचे लाल दिवे एकामागून एक हिरवे होत जायचे, आणि रिक्षानं घरी येताना सुद्धा डोकं गार पडत नसे.

आता पाळी माझी आहे. गिटहब कोपायलट २०२१ मध्ये आला तेव्हा तो ओळ पुरी करून द्यायचा, ते छान होतं. आता एजंट नावाचा प्रकार आहे. त्याला काय हवं ते सांगायचं, तो बारा फायली बदलून आणतो आणि मी त्या तपासायच्या. कोड चांगला असतो का? बऱ्याचदा असतो, उगाच खोटं कशाला बोला. पण माझ्या दिवसाचा आकारच बदललाय. सांगा, थांबा, वाचा, होकार द्या. परत सांगा, थांबा. त्या थांबण्याच्या मिनिटाभरात हात आपोआप मोबाईलकडे जातो. पूर्वी मी लेजर लिहिणारा होतो, आता मी पासिंग ऑफिसर झालोय. सही करणारा. पगार वाढला, तंद्री गेली.

आमच्या टीममधली दोन वर्षं अनुभवाची पोरं बघतो तेव्हा मला त्यांची जास्त काळजी वाटते. माझा हात एकदा बसून गेलाय, चूक कुठं दडली असेल ते मला वासावरून कळतं. त्यांचा हात बसणार कधी? सुरुवातीची पन्नास जड पानंच त्यांच्या वाट्याला आली नाहीत. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आठवड्यातून एक छोटं काम मी त्यांना मदतनीसाशिवाय करायला लावतो, आणि ते मला मागून म्हातारा म्हणतात. चालायचंच.

मधल्या काळात मी पोळ्या करायला लागलो. शनिवार-रविवार. आता इथं काही वाचक हसतील, पण घडीची पोळी हे प्रकरण कुठल्याही सिस्टिम डिझाईनइतकं गहन आहे. कणीक भिजवून अर्धा तास मुरू द्यायची. गोळ्याची पुरी, तेलाचं बोट, चार पदरी घडी, मग लाटणं. हात नीट पडत असेल तर पोळी पोळपाटावर आपली आपण फिरते, तिला उचलून वळवावं लागत नाही. ती फिरायला लागली की समजायचं. आणि खरी मजा पुढे आहे. एक तव्यावर असताना दुसरी लाटून व्हायला हवी. लाटायला उशीर झाला तर तवा तापून धूर, लवकर झालं तर लाटलेली पोळी पोळपाटावर वाळते. दोन कामांचे वेग जुळेपर्यंत माझे चार महिने गेले. पण एकदा जुळले की सातव्या-आठव्या पोळीला डोक्यातली बडबड बंद होते. स्प्रिंट नाही, अप्रेझल नाही, ईएमआय नाही. पोळी फुगते, पदर सुटतात, पुढची.

हे मी मोठ्या उत्साहानं आईला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रविवारी दहा पोळ्या करणं हा छंद झाला रे. मी तीस वर्षं रोज सकाळी आठच्या आत वीस लाटायचे. एक कान कुकरच्या शिट्टीकडे, एक तुझ्या रडण्याकडे आणि डोळा घड्याळाकडे. कसली तंद्री आलीय?"

म्हणजे बघा, हात तिचा माझ्यापेक्षा दसपट बसलेला. आव्हान, कौशल्य, लगेच कळणं, सगळं हजर. तरी पोळीत तंद्री नाही आणि लेजरमध्ये आहे. ट्रेनिंगवाल्यांच्या आलेखात ह्याला जागाच नाही. माझ्या मते कारण साधं आहे. बँकेत असताना मला आज्जी सांभाळत होती. घरात आज्जी सोवळ्यात नाहीतर देवळात, आणि मी आईच्या पायात.

गोरोबाकाकांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तेरचे संत गोरा कुंभार. विठ्ठलाचं नाम घेत चिखल तुडवताहेत, भान हरपलंय, आणि रांगत आलेलं लेकरू पायाखाली येतं तरी कळत नाही. गोष्टीत पुढे पांडुरंग सगळं निस्तरतो. लहानपणी ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगितली जायची. बाप झाल्यावर ऐकली तर अंगावर काटा येतो. फ्लोवरच्या एकाही सेमिनारात जे सांगत नाहीत ते ह्या जुन्या गोष्टीत आहे, की भान हरपणाऱ्याच्या आसपास कुणीतरी भानावर असावं लागतं. गोष्टीत गोरोबांची बायको लेकराला नवऱ्यापाशी ठेवून पाण्याला गेलेली असते. हे सांगणारे विसरत नाहीत, पण ऐकणारे विसरतात.

आमच्या घरात हा हिशेब बायकोनं मांडला. तिला शिवणाचा नाद आहे. म्हणाली, "तुझ्या पोळ्या फुगतात तेव्हा पोरीला मी बघत असते. माझी शिवण उसवून उसवून चालू आहे कारण मला सलग पंधरा मिनिटं मिळत नाहीत." वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. तेव्हापासून शनिवारी सकाळी नऊ ते अकरा तिचं दार बंद, आणि मी व चार वर्षांची कन्या बाहेर. त्या दोन तासांत मला कसलीही तंद्री लागत नाही हे लिहून ठेवतो. दर तीन मिनिटांनी एक प्रश्न येतो. मुंगीला गुडघे असतात का? वगैरे. माझा रविवार सकाळी, तिचा शनिवार. एवढ्या साध्या वाटणीवर गेलं वर्षभर घर बऱ्यापैकी आनंदात चाललंय.

आणि हो, मोबाईल. कुणीतरी म्हणणारच की रील बघताना पण वेळेचं भान जातं की! जातं. लास वेगसच्या जुगारी मशीनवर बसणाऱ्यांवर नताशा डाऊ शुल ह्या बाईंचं २०१२ चं एक जबरदस्त पुस्तक आहे. त्या मशीनसमोरची माणसं जिंकायला खेळत नाहीत, त्या गुंगीत राहता यावं म्हणून खेळतात असं त्यात दिसतं. रीलचं तेच. भान जातं, पण हात बसत नाही. दोन हजार रीलनंतर मी पहिल्या रीलइतकाच अडाणी असतो, आणि पेजर वाजला तर वहीत काय लिहीन ते न सांगितलेलं बरं. चिक्सेंटमिहायनं स्वतःच लिहून ठेवलंय की ही अवस्था आपोआप चांगली ठरत नाही, माणूस ती कुठं वापरतो त्यावर आहे. त्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही, सगळ्यांनाच अनुभव आहे.

आई २०१६ मध्ये निवृत्त झाली आणि आता पुण्यात आमच्याजवळ असते. आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीची ती खजिनदार आहे. सोसायटीनं हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलंय, पावत्या मोबाईलवर येतात. तरी दर महिन्याला ती दोन्ही प्रिंट मागवते, बँकेचं स्टेटमेंट आणि सॉफ्टवेअरचं रजिस्टर, आणि पेन्सिल घेऊन डायनिंग टेबलवर बसते. सेक्रेटरींना हे जुन्या लोकांचं खूळ वाटतं. गेल्या महिन्यात २७० रुपयांचा फरक आला. तिचे डोळे असे चमकले की काय सांगू. "नवानं भाग जातोय," म्हणाली आणि बोट रकान्यावर ठेवलं.

मी म्हटलं, "आई, फाईल दे, एक्सेलमध्ये दहा सेकंदात काढून देतो."

तिला ऐकू गेलं नाही. चहा निवून साय धरली होती. बोट हळूहळू खाली सरकत होतं, ओठ किंचित हलत होते. नातीनं दोनदा "आज्जी" अशी हाक मारली, तेही नाही. टाकी साफ करणाऱ्याचं बिल होतं १,७४० चं आणि रजिस्टरमध्ये कुणीतरी १,४७० चढवलं होतं, हे तिला सापडायला अजून वीस मिनिटं होती. मी पोरीला उचललं, दार हळूच ओढून घेतलं आणि खाली झोपाळ्यावर घेऊन गेलो.